प्रवाह वळायच्या आत

सपना शिकायला पार वेंगुर्ल्याकडे गेली तेव्हा समुद्रपुरात बरेच दिवस एकच थट्टा चालली होती. गावाच्या नावातला समुद्र पोरीला पुरला नाही, म्हणून ताराचंदशेठची मुलगी खरा समुद्र पाहायला निघाली, असं लोक म्हणत. एसटी स्टँडजवळच्या आपल्या किराणा दुकानात बसून ताराचंद ती थट्टा ऐकत आणि स्वतःही हसत. त्यांच्या बायकोला, मंदाबाईंना, हसू येत नसे. नागपूरला एमएस्सी झालेल्या मुलीनं एव्हाना आपल्या घरी नांदायला हवं होतं, आणि ही पोरगी समुद्राच्या पाण्यातले डोळ्यांना धड न दिसणारे किडे मोजायला गेली होती. तेही एकदोन महिने नाही, चार-पाच वर्षं. जावई कसा हवा हे मंदाबाईंना सांगता आलं असतं, पण आपली मुलगी नेमकं काय करते हे कुणी विचारलं तर त्यांना सांगता येत नसे. त्या म्हणत, पाण्याचं शिकते.

दुकान पुढं आणि घर मागं, मध्ये एक दार आणि दाराला पडदा. लग्न होऊन आल्यापासून मंदाबाईंचा मुक्काम पडद्याच्या अलीकडे. डाळ पाखडायची, मसाल्याचे पुडे बांधायचे, गुळाच्या भेली फोडायच्या, हे सगळं त्या मागच्या पडवीत करत. पण गल्ल्यावर घरच्या बाईनं बसायचं नाही, हा सासूबाईंनी घालून दिलेला शिरस्ता होता. सासूबाई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. शिरस्ता मोडा असं कुणी म्हटलं नव्हतं, म्हणून तो चालत आला होता.

दोन हजार दोन सालच्या तान्ह्या पोळ्याला दुकानात पोराटोरांची गर्दी होती. लाकडी बैल ओढत आलेली पोरं खाऊ मागत होती. ताराचंद तराजू उचलायला गेले आणि तराजूसकट खाली बसले. उजवा हात उचलेना, तोंडातून शब्द फुटेना. शेजारचे मधुकरराव धावत आले, जीप मिळाली, आणि सेवाग्रामच्या दवाखान्यात पोचेपर्यंत मंदाबाई नवऱ्याचा तो निर्जीव हात आपल्या दोन्ही हातांत धरून बसल्या होत्या. डॉक्टरांनी लकवा सांगितला. जीव वाचला होता. हात आणि बोलणं कितपत परत येईल, ते दिवस सांगतील म्हणाले.

सपना तिकडून निघाली ती गाड्या बदलत दवाखान्यातच उतरली. मोठा मुलगा निकेश नागपूरला औषधांच्या कंपनीत होता. त्यानं रजा घेऊन दुकान उघडलं, पण रजा संपली आणि त्याला जावं लागलं. जाताना तो आईला म्हणाला, की बाबांचं काही खरं दिसत नाही, दुकान कुणाला तरी देऊन टाकू, आणि तोवर सपना आहेच. दुसऱ्या दिवशी सकाळी सपनानं शटर वर केलं. तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी अडवलंही नाही. घरच्या बाईनं बसायचं नाही हा नियम शिकलेल्या मुलीला लागू नसावा, असं सगळ्यांनी मनाशीच ठरवून टाकलं. मंदाबाईंना तर हायसं वाटलं. पोरगी घरात होती, दुकान चालू होतं, आणि समुद्राचं वेड आपोआप उतरेल अशी एक आशाही मनात होती.

मग बाटल्या यायला लागल्या.

पहिलं पार्सल हिंगणघाट स्टेशनवर आलं. लाकडी खोकं, आत भुसा, भुशात घट्ट झाकणांच्या बाटल्या. सपनाबरोबर काम करणारी रीता नावाची मुलगी होती, ती तिकडच्या खाडीत होडी घेऊन जायची, बारीक जाळं पाण्यातून ओढायची आणि जाळ्यात जे सापडेल ते औषधात घालून इकडं पाठवायची. हिंगणघाटच्या कॉलेजात सपनाला शिकवलेल्या सरांनी तिला एक जुना सूक्ष्मदर्शक वापरायला दिला. दुपारी दुकान बंद असे तेव्हा ती माळवदाच्या खोलीत तो डोळ्याला लावून बसे. एका काचेच्या ताटलीवर चौकोन आखलेले होते, त्यात बाटलीतलं थेंबभर पाणी टाकून ती एकेका चौकोनातले जीव मोजायची.

मंदाबाईंना त्या औषधाचा वास सहन व्हायचा नाही. सपना, खिडकी उघडत जा, नाहीतर तुझे डोळे जातील, असं त्या रोज म्हणत. बाटलीच्या तळाशी फिकट गुलाबी, भिजल्या कण्यांसारखं काहीतरी साचलेलं दिसे. हे समुद्राचं लोणचं घेऊन पोरगी काय करणार आहे, असं त्यांना वाटे.

एकदा चहा घेऊन वर गेल्या तेव्हा सपनानं त्यांना खुर्चीवर बसवलं आणि म्हणाली, "आई, एकडाव पाह्य तर खरं."

मंदाबाईंनी चष्मा काढला, पुन्हा घातला, डोळा लावला. आधी नुसता उजेड दिसला. मग त्या उजेडात एक जीव दिसला, तांदळाच्या दाण्याएवढा मोठा वाटणारा, अंग काचेसारखं, आणि डोक्यापासून दोन्ही बाजूंना लांबच लांब मिशा फुटलेल्या. त्याच्या बाजूला एक बारीक, बाणासारखा सरळ किडा. आणि कोपऱ्यात मोठे डोळे, पाठीवर काटा असलेलं काहीतरी विचित्र. ते खेकड्याचं पिल्लू आहे म्हणून सपनानं सांगितलं. मंदाबाई बराच वेळ डोळा काढेनात. चहा निवला.

"हे सगळं एका थेंबात?"

"हो. आन् हे सगळे पाण्यासंगं वाह्यत येते. यायले प्रवाहाच्या उलटं पोहता येत नाई."

त्या दिवशी दुकान उशिरा उघडलं. सपनानं आईला पहिल्यांदाच आपलं काम नीट सांगितलं. पावसाळ्यात आपल्या पश्चिमेच्या किनाऱ्याला लागून पाणी उत्तरेकडून दक्षिणेकडं वाहतं. तेव्हा खोल समुद्रातलं गार पाणी तळातून किनाऱ्याकडं सरकतं, आपल्याबरोबर खत आणल्यासारखं पोषण आणतं, आणि पाऊस सरता सरता खाडीत या जिवांची नुसती रेलचेल होते. मग दिवाळीनंतर सगळा प्रवाह उलटा फिरतो. पाणी दक्षिणेकडून वर यायला लागतं. ते पाणी कोमट आणि थोडं कमी खारट असतं, कारण त्यातलं काही बंगालच्या उपसागरातून लंकेला वळसा घालून आलेलं असतं. त्याच्याबरोबर वेगळेच जीव येतात आणि आधीचे दिसेनासे होतात. खाडी तीच, पण तिच्यातली वस्ती मोसमागणिक बदलते. कोण कधी येतं, किती येतं आणि प्रवाह उशिरा फिरला तर काय होतं, हे सपनाला शोधायचं होतं. मासळी कुठल्या साली मिळेल आणि कुठल्या साली नाही, तेही बऱ्याच अंशी यावरच ठरतं, असं ती म्हणाली.

"बंगालच्या समुद्रात आपल्या वणेचं पाणीही जाते," सपना म्हणाली. "वणा वर्धेत, वर्धा पुढं प्राणहितेत, मंग गोदावरीत. त्यातला एखादा थेंब तिकडं येतही असन."

मंदाबाईंना नदीचं फारसं काही वाटलं नाही. त्यांच्या मनात दुसरंच घोळत होतं. "मंग या जिवायनं करावं काय?" त्यांनी विचारलं. "पाणी नेईन तिकडं जावं?"

"उलटं जाता येत नाई. पण वर-खाली जाता येते. वरचं पाणी एकीकडं वाह्यते, खालचं दुसरीकडं. ज्याले खाडीतच राह्याचं हाय थे बरोबर त्या थरात उतरते."

भांडी घासताना, ताराचंदांना भरवताना, मंदाबाईंना मधूनच ते काचेचं अंग आठवे. त्या आपल्याशीच हसत. पण पोरीनं दुकान सांभाळावं आणि दुपारी काय पाहायचं ते पाहावं, यात काही वावगं आहे असं तेव्हाही त्यांना वाटलं नाही. दिवाळीत निकेश आला तो नागपूरचं एक स्थळ घेऊनच. मुलगा बँकेत होता, घरचे लोक चांगले होते, पुढच्या महिन्यात पाहायला येणार होते. सपना ते ऐकून दुकानात निघून गेली. ती हल्ली कशालाच फारसं बोलत नसे. कापसाची वेचणी सुरू झाली होती, बाजाराच्या दिवशी वेचणाऱ्या बायांची दुकानात रीघ लागे, आणि ती दिवसभर तेल, मीठ, साबण देत राही.

दिवाळीनंतर बाटल्या आल्या नाहीत. मंदाबाईंनी विचारलं तेव्हा सपना म्हणाली, येतील.

एका दुपारी सपना मालासाठी हिंगणघाटला गेली होती आणि दुकानातला फोन वाजला. वाजतच राहिला. मंदाबाई पडद्याशी थबकल्या, मग दुकानात जाऊन त्यांनी तो उचलला. पलीकडून बारीक, दमलेला आवाज आला.

"काकू, मी रीता बोलते. सपना आहे का?"

रीताला मलेरिया झाला होता. दोन आठवडे ती अंथरुणात होती आणि अजून तिला उभं राहवत नव्हतं. सपना दोन-तीन दिवसांनी फोन करून तब्येत विचारते, पण कामाचा विषय काढला की घाई नाही म्हणते, असं ती सांगत होती. तिच्या आवाजात रडू दाटलं होतं.

"काकू, ती तुम्हाला सांगणार नाही म्हणून मी सांगते. इथं पाणी आता कधीही फिरेल. होडीवाले काका रोज विचारतात, बाई कधी येणार. या दिवसांत जाळं ओढलं नाही तर तिचं पूर्ण वर्ष वाया जातं. मागची सगळी मोजणी आहे ती या बदलाशिवाय अर्धीच राहते. पुढच्या वर्षी करता येईल म्हणायला काय जातं, पण पुढच्या वर्षी ती इकडं येईल का?"

मंदाबाईंनी तिला काढा घ्यायला सांगितलं, पाणी उकळून पी म्हणाल्या, आणि फोन ठेवला. मग त्या दुकानातच उभ्या राहिल्या. दुपारचं शटर खाली होतं, त्याच्या फटीतून रस्त्यावरचं ऊन आत येत होतं. दुकान आतून किती लहान आहे हे त्यांना त्या दिवशी कळलं. डाळीच्या कोठ्या, तेलाचे डबे, वर टांगलेल्या पाकिटांच्या माळा, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं होतं. तूर कुठल्या गावची आहे हे त्या नुसत्या वासावरून सांगू शकल्या असत्या.

त्या घरात आल्या. ताराचंद खाटेवर टेकून बसले होते. आता त्यांना थोडे शब्द येत होते, पण जड, एकमेकांत गुंतलेले. मंदाबाई त्यांच्या पायाशी बसल्या आणि फोनवरचं सगळं सांगितलं. मग म्हणाल्या, "तुमी हो म्हना का नाई म्हना. उद्यापासून दुकानात मी बसतो."

ताराचंद त्यांच्याकडे पाहत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. लकव्यानंतर ते सहज येत असे, त्यामुळं त्याचा अर्थ मंदाबाईंना लागेना. नको म्हणतात, की आपल्यामुळं घरावर ही वेळ आली म्हणून वाईट वाटतं, की दुसरंच काही? त्या थांबल्या. ताराचंदांनी डावा हात उशीखाली घातला, बराच वेळ चाचपला आणि गल्ल्याची किल्ली काढून त्यांच्या मांडीवर टाकली. मग तोंड वाकडं करत, एकेक अक्षर ओढत ते म्हणाले, "तरा...जू... तपासजो."

सकाळी सपना खाली आली तेव्हा शटर उघडं होतं आणि आई गादीवर बसलेली होती. पदर डोक्यावर घट्ट ओढलेला, हात मांडीत, चेहरा परीक्षेला बसल्यासारखा. सपनाला आधी कळेना. मग तिला वाटलं आपल्याला उशीर झाला म्हणून आई बसली असेल. मंदाबाईंनी तिला रीताचा फोन आल्याचं सांगितलं.

"तू मले काऊन सांगतलं नाई?"

सपना पोत्यावर बसली. "काय सांगू? बाबा असे पडले हाय. तू इकडं एकटी."

"मी एकटी नाई. थे हाय ना खाटेवर."

"आई, हे पोटापाण्याचं हाय. बाजाराच्या दिवशी किती गर्दी राह्यते तुले माहीत नाई."

"माहीत हाय. पडद्यामागून सारं आयकू येते." मंदाबाईंनी पदर सारखा केला. "पोरी, मले या पडद्याच्या इकडं कोणी येऊ देल्लं नाई, आन् मीही कधी आली नाई. दोन्हीही खरं हाय. तू जाय. पाणी काही तुयासाठी थांबून नाई राह्यणार."

 सपनानं गुडघ्यांवर डोकं टेकलं, आणि मंदाबाईंना दिसलं की तिचे खांदे हलत आहेत. इतक्या महिन्यांत ती एकदाही रडली नव्हती. दवाखान्यातही नाही. मंदाबाई उठल्या नाहीत, कारण तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. त्यांनी त्याला पावशेर साखर तोलून दिली. पारडं हलत होतं, ते थांबेपर्यंत त्यांनी श्वास रोखून धरला होता.

सपना वेंगुर्ल्याला निघून गेली हे निकेशला कळलं तेव्हा तो चिडला. पाहायला येणाऱ्यांना काय सांगायचं, आणि आईनं या वयात दुकानात बसलेलं बरं दिसतं का, असं तो फोनवर म्हणाला. मंदाबाईंनी त्याला शांतपणे सांगितलं, की पाहुण्यांना मुलगी कामाला गेली आहे म्हणून सांग. खरोखरच मुलगी हवी असेल तर थांबतील. आणि बरं दिसतं का ते पाहायला तू रविवारी येजो, येताना बाबांची औषधं आणजो. निकेश रविवारी आला. दिवसभर तोंड फुगवून होता, पण संध्याकाळच्या गर्दीत आईच्या बाजूला उभं राहून त्यानं डबे खाली काढून दिले. तो थांबला की मंदाबाईंना मदत व्हायची, हे त्यालाही दिसत होतं. मग तो दर दुसऱ्या रविवारी यायला लागला. पाहुणे काही थांबले नाहीत.

पहिले दिवस सोपे गेले नाहीत. मंदाबाईंना लोकांच्या नजरेला नजर देता येत नसे. जुन्या ओळखीचे बाप्ये येत आणि काही न घेताच परत जात. पण वेचणीच्या बाया आल्या, आणि त्यांना मात्र दुकानात मोठी बाई बसलेली पाहून बरं वाटलं. पुरुषापुढं आणि लग्न न झालेल्या सपनापुढंही जे मागायला त्या लाजत, ते त्या मंदाबाईंच्या कानाशी येऊन मागू लागल्या. नाचणगावची रुख्माबाई इकडं वेचणीला आलेली असायची. तिनं एकदा हळूच सांगितलं, की हे सारं आम्ही पार हिंगणघाटाहून आणतो. मंदाबाईंनी त्या आठवड्यात तो माल भरला. वजनात त्यांची एकदोनदा चूक झाली, पण ती नेहमी गिऱ्हाइकाच्या फायद्याची, म्हणून कुणी तक्रार केली नाही. शेवटी मधुकररावांनीच त्यांना डावीकडचं पारडं वाकल्याचं दाखवलं.

तिकडं सपना वेळेवर पोचली होती. पहिल्या फेरीत जाळं वर आलं तेव्हा त्यात अजून पावसाळ्यानंतरचीच सगळी मंडळी होती, असं तिनं फोनवर सांगितलं. प्रवाह त्या साली उशिरा फिरत होता. दुसऱ्या फेरीतही तेच. तिला भीती वाटायला लागली होती, की आपलं गणितच चुकलं. नंतर एका सकाळी होडीत बसल्या बसल्या होडीवाले काका म्हणाले, आज पाणी वेगळं आहे, आणि जाळ्यात खरोखरच दक्षिणेकडचे जीव आले. थोडेसेच, पण आले. मंदाबाईंनी ते ऐकून ताराचंदांना सांगितलं. ताराचंदांनी मान हलवली आणि कितीसे आले, असं खुणेनं विचारलं. पुढच्या फोनला मंदाबाईंनी ते विचारून घेतलं.

प्रवाह उशिरा फिरला म्हणून नव्या जिवांचं येणं लांबलं, आणि जुने जीव त्यामुळं खाडीत अधिक दिवस तग धरून राहिले, हेच पुढं सपनाच्या प्रबंधाचं मुख्य म्हणणं झालं. एका खाडीतलं, एका वर्षातलं. फार मोठा शोध नव्हे, असं ती स्वतःच म्हणायची. पुढच्या दोन वर्षांच्या मोजण्यांनी त्याला थोडा आधार मिळाला, थोडा नाही मिळाला. दोन हजार सहाला ती डॉक्टर झाली आणि केरळात कोचीनला कामाला लागली. रीताचं आधीच लग्न होऊन ती गोव्याला गेली होती. तिच्या लग्नाला मंदाबाईंनी तुरीची डाळ आणि लोणच्याची बरणी पाठवली.

ताराचंदांचा हात पुरता परत आला नाही. पण ते काठी घेऊन दुकानापर्यंत येत, बाहेर खुर्चीत बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी आपल्या गुंतलेल्या शब्दांत बोलत. गल्ल्यावर परत बसायचं नाव त्यांनी काढलं नाही. पडद्याचं कापड धुवायला काढलं ते परत लावायचं राहून गेलं.

सपना दर सुट्टीला म्हणे, की आई, एकदा चल, समुद्र पाहा. मंदाबाई हो म्हणत. मग कधी वेचणीचा हंगाम येई, कधी ताराचंदांना इतका लांबचा प्रवास सोसेल का याची शंका, कधी रोहणा गावी बहिणीच्या घरचं लग्न. एक-दोनदा तिकिटंही काढून झाली आणि परत केली. मंदाबाईंना त्याचं मनापासून वाईट वाटलं असेल असं सपनाला वाटायचं.

दोन हजार आठच्या उन्हाळ्यात ती आली तेव्हा दुकानात एक शाळकरी पोरगी वजनं मांडत होती. शेजारच्या लीलाबाईंची नात, सुट्टीत नुसती हुंदडत होती म्हणून मंदाबाईंनी बसवून घेतलेली. सपनानं आईला पुन्हा विचारलं, या डिसेंबरात तरी येशील का.

मंदाबाई तेलाचा डबा पुसत होत्या. "येतो," त्या म्हणाल्या. "पण डिसेंबरात नाई. डिसेंबरात दुकान सोडता येत नाई मले."

बाहेर खुर्चीत बसलेले ताराचंद हसले, आणि त्यांचं ते एका बाजूचं हसू पाहून सपनालाही हसू आलं. तिनं आईच्या हातातून फडकं घेतलं आणि उरलेले डबे पुसायला बसली.